तात्यापाऱ्याचा ओकेनाइट

राज्य नवं झालं तेव्हा रायपूरला सगळंच एकदम हवं झालं. मंत्री आले, सचिव आले, सायरनच्या गाड्या आल्या. बसायला इमारती नव्हत्या म्हणून मंत्रालय एका जुन्या रुग्णालयात भरू लागलं आणि तिथे काम घेऊन गेलेली माणसं ‘तब्येत दाखवून आलो’ असं सांगू लागली. दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी ध्यानात आलं की हे राज्य खनिजांच्या जोरावर चालणार आहे आणि पाहुण्यांना खनिजं दाखवायला आपल्याकडे साधी खोलीही नाही. तेलीबांध्याच्या बाजूला एक हॉल रंगवायला घेतला गेला. वर्तमानपत्रांत निवेदन आलं: ज्या नागरिकांकडे दुर्मिळ खनिजं असतील त्यांनी खात्याला कळवावं, निवडलेल्या नमुन्यासोबत मालकाच्या नावाची पाटी लावली जाईल.

तात्यापाऱ्यात, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत, शामराव लांजेवारांनी हे निवेदन वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पुढच्या खोलीत, लोकांच्या घरी टीव्ही असतो त्या जागी, एक दगड होता. टीव्ही स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांशेजारी होता.

दगड म्हणजे नारळाएवढा काळा कातळ, मधोमध फुटलेला. फुटल्या जागी पोकळी आणि पोकळीत पांढरेशुभ्र गोळे. पाहणाऱ्याला वाटावं, कोणीतरी कापूस पिंजून हलक्या हाताने आत ठेवला आहे. पण तो कापूस नव्हता, ओकेनाइट होता. चुना, सिलिका आणि पाणी, एवढ्याच साहित्याचं खनिज. दख्खनचा लाव्हा थंड होताना त्याच्या पोटात जे बुडबुडे राहून गेले त्यांत ते वाढतं, आणि असं कापसासारखं तर जगात फार थोड्या ठिकाणी. प्रत्येक गोळ्यात केसाहून बारीक स्फटिक मधून बाहेर फुललेले असतात. स्फटिक म्हटला की तो ताठ असावा, मोडावा पण वाकू नये. हे वाकतात, आणि एकदा वाकले की वाकलेच. बोट लावलं तर बोटाचा खड्डा कायमचा. धूळ बसली तर हलकी फुंकर चालते, फडकं चालत नाही. पाण्याचं तर नावच नको. भिजलेलं मांजर जसं दिसतं तसा गोळा दिसायला लागतो.

शामरावांना हे सगळं पाठ होतं आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं जात होतं. दगड मिळाला होता त्यांच्या बायकोच्या, शांताबाईंच्या, भावाकडे, जळगावच्या बाजूला. विहीर खोदताना सुरुंग लावला, कातळ फुटला, आत हे निघालं. भाऊ ते कोंबडीच्या खुराड्यावर ठेवणार होता. शामरावांनी ते घमेल्यात ठेवलं, वरून पुरणाची चाळणी झाकली आणि भुसावळपासून रायपूरपर्यंत मांडीवर घेऊन आले. नागपूरला गाडीत चढलेल्या बाईने विचारलं, "काय जी, पिल्लं हायेत का कोंबडीचे?" तिला त्यांनी गोंदियापर्यंत सिलिकेट समजावून सांगितलं होतं.

तेव्हापासून दगड हलवायाकडून घेतलेल्या काचेच्या पेटीत होता. पेटीला फक्त शामराव हात लावत, आणि दगडाला तेही नाही. शांताबाईंना त्या कोपऱ्यात झाडूही मारायची परवानगी नव्हती.

"माह्या माहेरचा गोटा," त्या शेजारणींना सांगत, "अन् मलेच शिवू देत नाही. सवत परवडली असती. तिनं भांडे तरी घासले असते."

शामरावांना वाईट एवढंच वाटे की त्यांच्या ह्या दगडाकडे दगड म्हणून पाहणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. जावई म्हणाला होता, ‘छान आहे, उशीत भरा.’ भिलाईहून आलेल्या व्याह्यांनी तर त्यात उदबत्ती खोचायची का म्हणून विचारलं होतं. आता सरकारच विचारत होतं. हॉलमध्ये, दिव्याखाली, लोकांनी येऊन पाहावं आणि पाहून जसाच्या तसा ठेवून जावं, एवढंच त्यांना हवं होतं. नावाची पाटीही हवी होती. पण ते त्यांनी शांताबाईंना सांगितलं नाही. शांताबाईंना ते निवेदन वाचतानाच कळलं होतं.

खात्यातून आधी आली ती नीलिमा रामटेके, सहायक भूवैज्ञानिक. वडील बिलासपूरला रेल्वेत, आजोळ भंडाऱ्याचं. तिने आत आल्याबरोबर ओढणीची दोन्ही टोकं गोळा करून काखेत दाबली, श्वास लागू नये म्हणून तोंड बाजूला केलं आणि मग वाकून पाहिलं. शामरावांना भरून आलं.

"काका, हा ओकेनाइट आहे," ती म्हणाली.

"पोरी, हे या घरात पहिल्यांदा दुसऱ्या कोनाच्या तोंडून ऐकून राहिलो."

"पण हा आपल्या राज्याचा नाही."

"मी तरी कुठं हाओ? बाप आर्वीचा होता माहा."

नीलिमा हसली. तिच्या कार्यालयात त्या वर्षी याच प्रश्नावर अर्धा दिवस जात असे: कोण मध्य प्रदेशचा, कोण इथला, कोणाला भोपाळला परत जायचं आहे. दगडाचा प्रश्न तिने लवकर सोडवला. पाटीवर ‘प्राप्तिस्थान’ लिहायचंच नाही, फक्त ‘संग्रह: श्री शामराव लांजेवार, तात्यापारा’ असं लिहायचं.

"पण समिती येईल," ती म्हणाली. "संचालक साहेबांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, ये तो रुई है. तुम्ही त्यांना दाखवून द्या काहीतरी."

"कसं दाखवू? हात लावू देऊ?"

"नका! दोन-चार तंतू चिमट्याने काढा आणि ज्योतीवर धरा. कापूस असेल तर जळेल. एवढं पुरे."

शामरावांनी ते मान्य केलं. रात्रभर त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की चिमटा कुठल्या गोळ्याला लावायचा. शेवटी पोकळीच्या पुढच्या काठावरचा सगळ्यात लहान गोळा त्यांनी नेमला.

समिती सकाळी आली. संचालक त्रिवेदी साहेब भोपाळहून बदलून आलेले होते आणि भोपाळला बदली व्हायची वाट पाहत होते. दुसरे सदस्य भैय्यालालजी, राइस मिलवाले; खनिजांशी त्यांचा संबंध तांदळात येणाऱ्या खड्यांपुरता होता, पण नव्या राज्याच्या प्रत्येक समितीत एक गणमान्य नागरिक असावा असा नियम होता. मागून नीलिमा, एक फोटोग्राफर, आणि सरकारी गाडी गल्लीत शिरली म्हणून शेजारच्या दोन बायका.

त्रिवेदी साहेब पेटीपासून दोन हात दूर खुर्चीवर बसले.

"लांजेवार जी, बुरा मत मानिए. मेरी दादी रजाई भरती थीं. मैं रुई पहचानता हूँ."

"साहब, ये पत्थर है," शामराव म्हणाले. "कॅल्शियम सिलिकेट."

"पत्थर मुलायम कैसे होगा?" भैय्यालालजींनी विचारलं. "भैया, हमर इहाँ के पखरा मा तो मूड़ फूट जाथे." आणि स्वतःच्या डोक्यावर हात आपटून दाखवला.

"मुलायम नहीं है जी. दिखता है. मतलब है, लेकिन..." शामरावांची हिंदी ऐन वेळी अशीच गाडीसारखी आउटर सिग्नलला उभी राहत असे. त्यांनी बोलणं सोडलं आणि आत हाक मारली, "अवो, मेणबत्ती आन वो!"

मेणबत्ती घरात नव्हती. शांताबाईंची पूजा नुकतीच आटोपली होती. त्यांनी देवघरातलं निरांजन उचललं, तबकात ठेवलं आणि तबकासकट आणलं. तबकात हळद-कुंकू होतं, दोन जास्वंदीची फुलं होती, एक कोरी फुलवातही होती. शामरावांनी ज्योत पाहिली, बाकीचं पाहिलं नाही. ज्योत ती ज्योत.

त्यांनी पेटीची काच उचलून बाजूला ठेवली. आधी कोरी फुलवात चिमट्यात धरली आणि निरांजनावर नेली. ती भसकन पेटली. चिमटा झटकावा लागला. मग त्यांनी श्वास रोखून काठावरच्या लहान गोळ्यातले चार-पाच तंतू उपटले. तंतू ज्योतीत धरले.

खोलीत सगळे पुढे झुकले. तंतू क्षणभर लाल झाले, चमकले, आणि ज्योतीतून बाहेर आले तेव्हा पांढरेच होते. धूर नाही, वास नाही, राख नाही.

शामरावांनी विजयाने त्रिवेदी साहेबांकडे पाहिलं. आता ते रासायनिक सूत्र सांगणार होते. पण तेवढ्यात भैय्यालालजी खुर्चीवरून उठले आणि त्यांनी दाराशी जाऊन चपला काढल्या.

"अग्निपरीक्षा!" ते म्हणाले. "साहब, अग्नी ने छुआ नहीं! ये मामूली चीज नो हे!"

आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी पुढे होऊन उजव्या हाताची चार बोटं मधल्या, सगळ्यात मोठ्या गोळ्याला लावली आणि आपल्या कपाळाला, मग दोन्ही डोळ्यांना लावली.

शामरावांच्या तोंडून आवाज निघाला, पण तो शब्द नव्हता.

फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला. राइस मिलवाल्याचा भक्तिभाव कॅमेऱ्यात गेला आणि शासनाचा राहिला, हे त्रिवेदी साहेबांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तेही उठले. त्यांनी पूर्ण तळवा ठेवला. जितका वेळ ते त्याला कापूस समजत होते तितका वेळ ते दोन हात दूर बसले होते.

"साहेब..." शामराव म्हणाले.

"लांजेवार जी," त्रिवेदी साहेब गंभीरपणे म्हणाले, तळवा न उचलता, "इसे सिलेक्टेड समझिए. हॉल के बीचोबीच रखेंगे. आपके नाम के साथ."

‘हात काढा’ हे शब्द शामरावांच्या जिभेवर होते. तिथेच ‘तुमच्या नावासह’ हेही येऊन बसलं. दोन्हींना एकदम बाहेर पडता येईना.

"धन्यवाद," ते म्हणाले.

मग फोटोग्राफरने हात लावला. शेजारच्या बायकांनी लावला. त्यातल्या एकीने तबकातलं हळद-कुंकू घेऊन, पदर डोक्यावर घेऊन, नीट बोट टेकवलं. ड्रायव्हर गाडी लावून आत आला, काय चाललं आहे हे न विचारताच त्यानेही लावला. आपल्याकडे रांगेतला माणूस पुढच्याने काय केलं ते करतो. का केलं ते नंतर प्रसाद खाताना विचारतो. हात लावला नाही तो फक्त नीलिमाने आणि शांताबाईंनी. नीलिमा भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा उतरला होता. शांताबाई नवऱ्याकडे पाहत होत्या.

समिती गेली. जाताना भैय्यालालजींनी देवघराच्या दिशेने अकरा रुपये ठेवले.

शामरावांनी काच पुन्हा बसवली नाही. मधला गोळा बसला होता, जसं बसलेल्या माणसाच्या खाली उशी बसते तसा. बाजूचे दोन एकमेकांना चिकटले होते. एकावर पिवळा-लाल ठिपका होता. काठावरचा लहान गोळा, ज्याचे तंतू त्यांनी स्वतः उपटले होते, तोच पुढच्या बाजूला त्यातल्या त्यात बरा राहिला होता.

"बोलले काहून नाही?" शांताबाईंनी विचारलं.

"देवाले हात लावल्यासारखे लावून राहिले होते. कसं बोलू?"

"मले बोलत होते ना? तीस वरस बोलले."

शांताबाई निरांजन घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी त्यांना न विचारताच चहा आणून ठेवला, त्यावरून शामरावांना कळलं की आपली अवस्था चेहऱ्यावर दिसते आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलिमा एकटी आली. स्कूटी बाहेर लावून ती दारातूनच म्हणाली, "काका, माझी चूक झाली. ज्योत म्हणाले, स्पिरिटचा दिवा म्हणायला हवं होतं."

"ज्योत मीच पेटवली बाई. तुही चूक नाही."

तिने शिसपेन्सिलीसारखा बारीक टॉर्च काढला आणि दगडाभोवती फिरवला. मागच्या बाजूला ती थांबली. कातळ मागूनही थोडा फुटलेला होता. तिथे सुपारीएवढं भोक, आणि भोकाच्या आत एकच गोळा. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून राहिला होता. त्याला कोणीच काही केलं नव्हतं. टॉर्चच्या उजेडात त्याचा एकेक तंतू वेगळा दिसत होता.

"हा पाहा!" नीलिमा म्हणाली. "काका, काही गेलेलं नाही. आपण दगड उलटा ठेवू. ही बाजू पुढे. वरून काच. लोकांना दिसेल."

शामरावांनी वाकून भोकात पाहिलं.

"उद्घाटनाले मंत्री येतीन?"

"येतील."

"काच उघडतीन?"

नीलिमाने खोटं बोलायचा विचार केला असावा. तिने टॉर्च बंद केला. "साहेब म्हणून राहिले होते की मंत्रीजींच्या हातून हळद-कुंकू वाहू. फोटो छापून आलाय ना आज, अग्निपरीक्षेचा. आता सगळ्यांना तेच हवंय."

"मंग हीच बाजू पुढं ठेव." त्यांनी दबलेल्या गोळ्यांकडे बोट केलं. "त्याईले जे लावाचं ते इथंच लावू दे. मागची भिंतीकडे राहू दे."

"पण मग खरा ओकेनाइट कोणाला दिसणारच नाही, काका. तुम्हाला तर तेच हवं होतं."

"हो, हवं होतं."

"आणि दगड न्यायचाच नाही असं ठरवलं तर? मी लिहून देते, प्रदर्शनास अयोग्य."

शामरावांनी मान हलवली, आधी आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी. शेवटी ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "पाटी बनवाले टाकली असंन ना?"

"टाकलीय."

"मंग ने."

उद्घाटन झालं. मंत्री आले, काच उघडली, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ सुदैवाने पायरीवर फोडला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘राजधानी में अग्निरोधी दिव्य पत्थर’ अशी तीन ओळींची बातमी होती. शामरावांना मागच्या रांगेत खुर्ची मिळाली होती. पुढचं काही दिसलं नाही, पण कधी काय होत असेल ते त्यांना टाळ्यांवरून कळत होतं.

पुढच्या रविवारी ते शांताबाईंना घेऊन हॉल पाहायला गेले. गर्दी बरी होती. तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरायला आलेले लोक फुकट आहे म्हणून आत शिरत होते. दगड बरोबर मध्यावर होता, वरून दिवा, समोर पितळी पाटी. पाटीवर नाव होतं, तात्यापारा होतं, सगळं बरोबर होतं. पाटीच्या वर, काचेच्या आत, अक्षता चिकटलेला, पिवळट, दबलेला ऐवज होता.

"ये क्या है, पापा?" एका मुलीने विचारलं.

"कुछ नहीं बेटा, पूजा का सामान," वडील म्हणाले आणि पुढच्या कपाटातल्या हिऱ्याकडे वळले.

शामराव तिथे फार वेळ उभे राहिले नाहीत. पेटी प्लायवूडच्या एका पार्टिशनला लावून ठेवली होती. पण सुताराने दिव्याची वायर न्यायला पेटी आणि प्लाय यांच्या मध्ये दोन बोटं फट सोडली होती. शामराव बाजूने गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि एक डोळा फटीला लावला. वायरीला टांगलेला बारका बल्ब मागे पेटला होता. त्या उजेडात काच, काचेच्या पलीकडे भोक, आणि भोकात तो गोळा. शाबूत होता. फुललेला. ते पाहत राहिले. किती वेळ, हे त्यांना सांगता आलं नसतं. पण त्यांची कंबर भरून आली आणि मागून कोणीतरी खांद्याला हात लावला.

"का दिखथे, बबा?" एक माणूस होता, खांद्यावर गमछा.

"कुछ नहीं, भैया."

कुछ नहीं म्हटल्यावर तो कशाला जातो! शामराव सरळ होताच तो वाकला. मग त्याने न उठताच बायकोला हाताने खूण केली. बायको वाकली. "अई दाई!" ती म्हणाली. तिच्यामागे मघाची मुलगी आली. तिला वाकावं लागलं नाही. "पापा, खरगोश!" ती ओरडली. "सफेद खरगोश सो रहा है!"

हिऱ्याजवळची माणसं वळली.

थोड्याच वेळात फटीपाशी रांग लागली. पुढच्या बाजूला, पाटीसमोर, कोणीच नव्हतं. एका बाईने आत हात घालून पाहिला, बांगड्या अडल्या. एका पोट्ट्याने पेन घालायचा प्रयत्न केला, शामरावांनी त्याचा कान धरला. पहारेकरी आला. "यहाँ क्या मेला लगा है? पीछे देखना मना है!" तो म्हणाला, मना का आहे हे पाहायला वाकला, आणि उठल्यावर म्हणाला, "लाइन से. सब लोग लाइन से."

बघून झालेली माणसं रिकाम्या हाताने जायला तयार नव्हती. काच हाताला लागत नव्हती, म्हणून ती प्लायवूडच्या कडेला बोटं लावत आणि कपाळाला नेत. कोणी बाई आपल्या कपाळावरच्या कुंकवाचं एक बोट तिथे उमटवून गेली होती.

शांताबाई खुर्चीवर बसून हे पाहत होत्या. "अजी," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव तं त्या बाजूनं हाय. कोनी वाचूनच नाही राहिलं."

शामरावांनी पाटीकडे एकदा पाहिलं. जावं की नाही असं त्यांच्या पायांचं क्षणभर झालं. तेवढ्यात रांगेतल्या एका उंच माणसाने नीट दिसावं म्हणून पेटी दोन्ही हातांनी धरून थोडी पुढे ओढायला घेतली.

"ओ भैया!" शामराव ओरडले. समितीसमोर जिभेवरच अडलेले ते शब्द पूर्ण हॉलभर गेले. "हात काढा! हात काढा म्हणतो ना! प्लाय को लगाओ, जितना लगाना है उतना प्लाय को लगाओ!"

उंच माणसाने मुकाट्याने हात काढले, प्लायवूडला लावले, कपाळाला नेले आणि वाकला.